उसनं कवच

दिग्रस, ८ जुलै १९६२

जमनी,

तुझं पत्र परवा मिळालं. टपालाची पिशवी फोडताना शिपाई म्हणाला, "तारबाई, तुमच्या मैत्रिणीचं पाकीट पाहा. तिले तिकिटं फुकट भेटतात का वं?" दिग्रसच्या ऑफिसात तारेच्या यंत्रावर बाई बसल्याला आता दीड वर्ष झालं, तरी लोकांची थट्टा संपलेली नाही.

कामाचं आधी लिहिते. आमच्या ट्रंकेत अकरा कागद आहेत. त्यांची यादी मी झाकणाच्या आतून चिकटवली आहे. तुला ती माहीत आहे, कारण तू तिला हसली होतीस. काल ट्रंक उघडली तर दहाच निघाले. नववा नाही. तो आमच्या बळीरामचा सातवीचा दाखला. कापसाच्या जिनात वजनकाट्यावर माणूस घेणार आहेत आणि दाखला मागतात. गेल्या वर्षी होळीला तू दोन दिवस आमच्याकडे होतीस. मी ड्यूटीवर असताना तू शाळेचे फोटो पाहायला ट्रंक उघडली होतीस. दाखला फोटोंत मिसळून तुझ्या पुस्तकांत गेला असेल का? पाहून कळव.

बळीरामला विचारलं तर तो म्हणतो, "जाऊ दे ना ताई, मले नाई जायचं जिनात. धूळ खाऊन राह्यलो का मी?" वय एकवीस, आणि दिवसभर घरात. बा त्याला रागवत नाही.

तुझ्या अभ्यासाबद्दल. जुन्या ग्रीक लोकांचं वीरकाव्य तुम्हाला इंग्रजीतून लावलं आहे हे समजलं, काव्य समजलं नाही. एका बाईपायी परक्या शहराला दहा वर्षं वेढा. त्यात सगळ्यांत मोठा लढवय्या लढतच नाही, कारण सरदाराने त्याच्या वाट्याची दासी काढून घेतली. आपली माणसं मरत असताना तो तंबूत वाद्य वाजवत बसतो. याला वीर का म्हणायचं? असा वीर आमच्या घरी आहे, फक्त वाद्य नाही.

तुझ्या भावाचं, फुलसिंगचं, पत्र आलं का? पलटणीत जाऊन त्याला सव्वा वर्ष झालं. बळीराम दर आठवड्याला विचारतो. जिवलग मित्र होते, पण एवढी काळजी तो बाची करत नाही.

सत्यशीला


नागपूर, १९ जुलै १९६२

माझ्या सत्या,

तुझं पत्र म्हणजे पंचनामा! "अकरा कागद, दहाच निघाले." वसतिगृहात मी मोठ्यानं वाचून दाखवलं, पोरी लोळल्या. रागावू नकोस. तुझ्याशिवाय मला इथं तिथं कोण आहे? तांड्यातली मी पहिली पोरगी कॉलेजात आली. तांड्याला वाटतं मी वाया गेली, इथल्या मुलींना वाटतं मी जंगलातून आली. मधल्या मध्ये एकटी तू. शाळेच्या वसतिगृहात तू माझ्या ताटाला ताट लावून बसली होतीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दाखला माझ्याकडे नाही. पुस्तकं झटकली. उंदरांनी नेला असेल, दिग्रसचे उंदीर शिकलेले आहेत.

आता तुझ्या रुसलेल्या वीराचं. सर म्हणतात, हे काव्य लढाईवर नाहीच, रागावर आहे. माणूस अपमान झाला की आपलं घर जळताना पाहू शकतो, हे त्या जुन्या कवीला ठाऊक होतं. पण पुढं ऐक. त्याचा एक जिवलग मित्र असतो. त्याला आपल्या लोकांचं मरण पाहवत नाही. तो वीराला म्हणतो, तू येत नाहीस तर निदान तुझं कवच मला दे. मला पाहून शत्रूला वाटेल तूच आलास. वीर देतो. मित्र ते घालून जातो, आणि त्यातच मारला जातो. सांग सत्या, चूक कुणाची? देणाऱ्याची का घेणाऱ्याची? वर्गात यावरून भांडण झालं.

आणखी एक मला फार आवडलं. त्या काव्यात शेकडो माणसं मरतात, पण किरकोळातला किरकोळ शिपाईही निनावी मरत नाही. भाला लागला की कवी थांबतो आणि सांगतो, हा अमक्याचा मुलगा, अमक्या नदीकाठचा, याची आई अशी वाट पाहत होती. मग पुढची लढाई. आमच्या तांड्यातल्या बाया गळ्यात पडून सूर धरून रडतात, त्यात नाव, बापाचं नाव, लहानपणीच्या खोड्या, सगळं येतं ना, अगदी तसं. शेवटही जिंकण्यावर नाही. बायांच्या रडण्यावर आहे.

फुलसिंग मजेत. थंडी फार आहे म्हणतो.

तुझीच,
जमनी


दिग्रस, २ सप्टेंबर १९६२

जमनी,

उंदरांनी कागद नेला तर तुकडे सापडतात. सापडले नाहीत. दुसरी प्रत मिळावी म्हणून मी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला आणि बळीरामजवळ दिला. "दिला" म्हणाला. तीन आठवड्यांनी मी स्वतः शाळेत गेले. अर्ज पोचलेलाच नाही. घरी विचारलं तर तो उठून बाहेर गेला. जिनाची जागा दुसऱ्याला मिळाली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चूक दोघांचीही असेल. पण मला तिसरीच गोष्ट दिसते. शत्रूला खोटं कळवलं ते मी समजू शकते, लढाईच आहे. पण त्यांच्या स्वतःच्या बाजूला कळलं होतं का की आत कोण आहे? नसेल तर मेल्यावर कोण कुणासाठी रडलं असतं? तारेत एक अक्षर चुकलं तर माणूस चुकीच्या गावी उतरतो. ही तर पूर्ण माणसाची चूक.

बाजाराच्या दिवशी तुझी आई खिडकीशी आली होती. आरशाचा घागरा, हातभर चुडे, मागे रांग खोळंबलेली.

"तारबाई, माह्या फुल्याची चिठ्ठी हाय का वो?"

"नाही, हंसाबाई. चिठ्ठी जमनीकडे जाते ना, नागपूरला."

"मंग इथं काहून नाई पाठवत? नागपूर का त्याची माय हाय? याडी तं मी हाय."

रांगेतले हसले. तीही हसली. पण जाताना माझ्या हातावर शेंगांची पुडी ठेवून गेली आणि म्हणाली, "चिठ्ठी आली का पहिले मले सांगजो, बाई. तू खोटं नाई बोलत म्हणते जमनी."

तिचा प्रश्न रास्त आहे. फुलसिंग घरी का लिहीत नाही?

सत्यशीला


नागपूर, ४ नोव्हेंबर १९६२

सत्या,

उत्तराला उशीर झाला. इथं रोज मिरवणुका, रोज वर्गणी, पोरी स्वेटर विणतात. लढाई सुरू झाल्यापासून मला झोप नाही. फुलसिंगचं शेवटचं पत्र सप्टेंबरचं. बर्फाचं लिहिलं होतं. आमच्या पोरानं बर्फ म्हणजे बाजारातला गोळा पाहिला तेवढाच.

वर्गात त्या काव्याचा शेवट झाला. मित्र मेल्यावर त्या वीराचा राग तंबूतून बाहेर येतो. मारणाऱ्याला तो मारतो आणि त्याचं प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो, रोज. मग शत्रूचा म्हातारा राजा, मेलेल्याचा बाप, एकटा त्याच्या तंबूत येतो. ज्या हातांनी मुलगा मारला त्या हातांचं चुंबन घेतो आणि म्हणतो, माझा मुलगा मला दे. मग दोघं रडतात. म्हातारा मुलासाठी, वीर मित्रासाठी आणि आपल्या दूरच्या बापासाठी. आणि मग सत्या, ते दोघं जेवतात. सर म्हणाले, युद्धाबद्दल याच्यापेक्षा खरं काही लिहिलेलं नाही. मी वर्गातून उठून बाहेर गेली.

एक मागते. दिग्रसला काही तार आली, कुणाच्याही नावाची आली, तर दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी मला कळव. तुझी नोकरीची शपथ मोडायला सांगते आहे, माहीत आहे. पण कळव.

जमनी


दिग्रस, २९ नोव्हेंबर १९६२

जमनी,

"कुणाच्याही नावाची." ते मी तेव्हा घाबरलेल्या बहिणीचं बोलणं समजले. माझी चूक.

काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी यवतमाळने लाईन मागितली. मी आवाज ऐकून लिहिते. अर्थ मागाहून येतो. पहिल्यांदा पत्ता आला: उकंडा, जुनी वस्ती, दिग्रस. उकंडा म्हणजे माझा बा; त्याला आजवर तार आलेली नाही. मग मजकूर. कळवण्यास अत्यंत दुःख होते की शिपाई बळीराम उकंडा सीमेवर लढताना मारला गेला.

मी नाव परत मागितलं. परत तेच आलं. मी पुन्हा मागितलं. यवतमाळच्या ऑपरेटरने चिडून एकेक अक्षर सावकाश दिलं.

त्या वेळी बळीराम माझा डबा घेऊन खिडकीबाहेर उभा होता. "ताई, भाकर थंडी होऊन राह्यली," म्हणत होता.

माझ्या डोक्यात आलं ते असं: नावासारखं नाव. कुठे तरी दुसरा बळीराम, दुसरा उकंडा. मी वर पाहिलं. मी एक शब्द बोलले नव्हते. त्याने माझ्या हातातला कागद पाहिला, डबा ओट्यावर ठेवला आणि खाली बसला. म्हणाला, "फुल्या गेला?"

संध्याकाळी घरी मी त्याला प्रश्न विचारले. उत्तरं तुला माहीत आहेत, तरी लिहिते, म्हणजे तुला जुळवता येतील.

"दाखला कुणी काढला?"

"जमनीनं."

"किल्ली आरशामागे असते हे तिला कुणी सांगितलं?"

"म्या दाखवली. फुल्या चवथीतच सुटला होता, वयही नाई भरलं. भरतीले सातवीचा दाखला मांगत होते. त्यानं दोन दिवस खाल्लं नाई, ताई. जमनी म्हणे, तुह्या दाखल्याचं तू काय करून राह्यला? पडला हाय पेटीत. तू नाई तं त्याले जाऊ दे."

"मला का विचारलं नाही?"

"तू नाई म्हटलं असतं."

बरोबर. मी नाही म्हटलं असतं.

तार ज्याची त्याला देणं हे माझं काम आहे. मी बाच्या हातात ती दिली आणि सही घेतली. वाचून दाखवली. बाने बळीरामकडे पाहिलं, मग कागदाकडे. म्हणाला, "हे तं माह्या पोराच्या मरणाची तार. पोरगा तं चुलीपाशी बसून हाय. मंग मेलं कोण?"

हे तू सांगायचं आहेस. तुझ्या आईला. ती काल पुन्हा खिडकीशी आली होती. लढाई थांबली म्हणतात, आता पोरगा येईल म्हणाली. कागदावर फुलसिंग नावाचा शिपाई कुठेच नाही, म्हणून त्याच्या मरणाची बातमी तिला कधीच मिळणार नाही. ती जन्मभर बाजाराच्या दिवशी येत राहील, हे लक्षात घे.

उत्तर लगेच हवं.

सत्यशीला


नागपूर, ३ डिसेंबर १९६२

सत्या, सत्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी पडून आहे. भिया, माझा भाऊ, गेला. मोठ्यानं रडता येत नाही, कुणी विचारलं तर काय सांगू?

हो, मी काढला. तुझ्या ट्रंकेतून, तुझ्या यादीखालून. तो पाया पडला होता. वाटलं होतं, दोन-तीन वर्षं नोकरी करील, परत येईल, दाखला जिथला तिथं ठेवीन, तुला कळणारही नाही. लढाई होईल असं कुणाला वाटलं होतं?

आता हात जोडून सांगते, आईला सांगू नकोस. मरणाचं मी सांगीन, कधीतरी, माझ्या रीतीनं. हरवला म्हणीन. पण नावाचं नको. त्या दाखल्यावर तुमची जुनी जात लिहिलेली आहे. दीड वर्ष तो त्या नावानं, त्या जातीनं राहिला, जेवला, हे तांड्याला कळलं तर तांड्याचे प्रमुख धनसिंग नायक आईला वाळीत टाकतील. तिच्या दाराशी कुणी बसणार नाही. रडायलासुद्धा कुणी येणार नाही. तू मला ओळखतेस, मी असलं मानत नाही. मी तुझ्या ताटात जेवली आहे. पण तांडा मानतो, आणि आईला तिथंच राहायचं आहे.

तारेतला मजकूर कुणाला सांगणार नाही अशी तू शपथ घेतली आहेस. ती पाळ. एवढंच मागते. बळीरामलाही यातच सुटका आहे, नाहीतर तो तुरुंगात जाईल. कागदावर मेला तर मेला. गावाला तो जिवंत दिसतोच आहे.

तुझी (म्हणू का?)
जमनी


दिग्रस, ११ डिसेंबर १९६२

जमनी,

म्हणू नकोस.

त्या दाखल्यावर आमची जुनी जात आहे, हे खरं. तो १९५५ चा आहे. पुढच्या वर्षी आम्ही ती जात सोडली. बा पायी गेला होता नागपूरला, परत आल्यावर त्याने देव पाटीत घालून नदीत नेऊन सोडले, आणि जेवताना पहिल्यांदा पाठ ताठ करून बसला. जे आम्ही अंगावरून काढून ठेवलं होतं ते तुझ्या भावाने घातलं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने ते घालून जीव दिला. तक्रार तुझ्याबद्दल आहे. माझ्या भावाचं नाव तुम्हाला मरायला चाललं, रडायला चालत नाही. आपण ताटाला ताट लावून जेवलो हे तू दोन पत्रांत दोनदा लिहिलंस. मी ते कधी मोजलं नव्हतं. तू मोजत होतीस, हे मला आता कळलं.

दुसरं. तुझं ते काव्य मी यवतमाळहून मागवलं आणि शब्दकोश घेऊन सोळा रात्री वाचलं. तू विचारलं होतंस, चूक देणाऱ्याची का घेणाऱ्याची. तू मला एक गोष्ट सांगितली नाहीस. कवच उसनं घेण्याची कल्पना त्या मित्राची नव्हतीच. एका तिसऱ्याने ती त्याच्या कानात घातली, बोलण्यात हुशार अशा एका सल्लागाराने. मित्र मरतो, वीर रडतो, सल्लागार शेवटपर्यंत जिवंत राहतो आणि सगळे त्याला मान देतात. तू हे वाचलं होतंस. वाचून गाळलंस.

शपथ मी मोडणार नाही. तार उकंडा यांची आहे. ती कुणाला दाखवायची हे तेच ठरवतील. त्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सकाळी म्हणाले, "हे तार माही नाई. चुकीच्या घरी आली. जिची हाय तिले नेऊन देऊ."

मी त्यांना थांबवलं आहे, १ जानेवारीपर्यंत. तू ये आणि स्वतः सांग. आईला मरण मुलीच्या तोंडून कळावं. नाव सांगायचं की नाही हा प्रश्न नाही. ते सांगितलंच जाईल.

सत्यशीला


दिग्रस, ६ जानेवारी १९६३

जमनी,

तू आली नाहीस. एक तारखेच्या शेवटच्या मोटारीपर्यंत मी स्टँडवर होते.

२ तारखेला आम्ही तिघं तांड्यावर गेलो. बाने धुतलेलं धोतर नेसलं आणि तार कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. वाटेत तो एकदाच बोलला. बळीरामला म्हणाला, "पुढं तू चाल. तुह्याच नावाची हाय."

हंसाबाई दारात शेणी थापत होती. मला पाहून हात धुतले, हसली. "चिठ्ठी आणली का वो तारबाई? तिघं-तिघं जण एका चिठ्ठीले?"

मी सांगितलं. मी दुसऱ्या कुणाला सांगू दिलं नाही. नाव, तारीख, लढाईत. मग तार कुणाच्या नावाने आली ते, आणि का, आणि दाखला कुणी काढला ते. काही गाळलं नाही. तोपर्यंत तांडा गोळा झाला होता. धनसिंग नायक खाटेवर येऊन बसले. ऐकून म्हणाले, "म्हंजे पोरगा तुमच्यात जेवला."

बा म्हणाला, "पलटणीत जेवला, नायक. अन माह्या पोराच्या जागी मेला. मले तं दोन पोरं होते असं म्हणा, त्यातलं एक गेलं."

नायक उठून गेले. त्यांच्यामागे बरेच गेले. बाया उभ्या राहिल्या, पण लांब. तुझी भीती खरी होती. ते मी कबूल करते.

हंसाबाई रडली नव्हती. ती बळीरामजवळ गेली. त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं मारील. ती म्हणाली, "तुह्या नावानं त्याले हाका मारत होते का रे तिथं? बळीराम म्हणत होते?" तो हो म्हणाला. "मंग मरताना कोणी फुल्या म्हटलं नाई त्याले." असं म्हणून तिने घरातून पितळी लोटा आणला, भरलेला, आणि सगळ्यांच्या देखत बाच्या हातात दिला. बा प्यायला. तोच लोटा तिने तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी प्यायली. मग बळीरामच्या गळ्यात पडून सूर धरला. त्यात नाव होतं, बापाचं, भीमसिंगाचं, नाव होतं, तो झाडावरून पडला ती गोष्ट होती. मला तुमची बोली अर्धीच कळते. नाव मात्र मी मोजलं नाही तरी सारखं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने लांब उभ्या असलेल्यांतल्या दोन बाया आल्या. दोनच.

पलटणीच्या कचेरीला दुरुस्तीचा अर्ज गेला आहे. बळीरामने कबुलीवर सही केली. आता पोलिसांत हजेरी द्यावी लागते. तुझं नाव अर्जात आहे.

तुझी आई विचारत होती, जमनी काहून नाई आली? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खोटं नव्हतं.

सत्यशीला


नागपूर, १४ फेब्रुवारी १९६३

सत्या,

इथं कॉलेजात पोलीस येऊन गेले. परीक्षेला बसू देतील की नाही माहीत नाही.

मी आली नाही, कारण स्टँडवर तू असशील हे मला माहीत होतं. आईसमोर उभी राहिली असती. तुझ्यासमोर नसती राहिली.

त्या काव्यात म्हातारा बाप शत्रूसमोर जातो आणि शत्रूही विरघळतो. तू शत्रूही नाहीस. एकदा तरी लिही. बाकी काही मागत नाही. तू माझी एकटीच आहेस.

जमनी


दिग्रस, २१ एप्रिल १९६३

जमनी,

एकदा लिहिते.

गेल्या आठवड्यात पलटणीकडून सामानाचं पार्सल आलं. पत्र्याचा मग, फणी, लोकरी टोपी, बळीरामचा दाखला आणि तुझी नऊ पत्रं. पत्रांवर नाव बळीरामचं, म्हणून ती बळीरामने उघडली. एक वाचून त्याने माझ्या हातात दिलं. तारीख १९ जुलै १९६२. त्याच तारखेला तू मला लिहिलं होतंस की तुझ्याशिवाय मला इथं तिथं कोण आहे. दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून पाहिली. शाई एक, कागद एक.

त्यात तू त्याला लिहिलंस: "सत्या दाखला शोधून राह्यली, पण भिऊ नको. ती माणूस नाई, यंत्र हाय. एकीकडून टाकलं ते दुसरीकडून काढते. आपण काही टाकायचंच नाई."

दाखला ट्रंकेत ठेवला. अकरा कागद पुन्हा अकरा झाले. तुझी त्याला लिहिलेली पत्रं हंसाबाईंना दिली, त्या वाचून घेतील तेव्हा घेतील. मला लिहिलेली या पाकिटात परत पाठवते आहे, म्हणून ते जाड आहे.

दुरुस्तीचं उत्तर काल आलं, तारेने, आणि माझ्याच यंत्रावर. ड्यूटी संपल्यावर मी ती तांड्यावर नेली. हंसाबाईंना वाचून दाखवली. त्यांनी परत वाचायला सांगितलं, मग परत. मजकूर असा: शिपाई फुलसिंग, बाप भीमसिंग, आई हंसाबाई, तांडा नजीक दिग्रस, जिल्हा यवतमाळ, सीमेवर लढताना मारला गेला. त्याआधीची बळीराम उकंडा या नावाची तार रद्द समजावी.

तुझ्या काव्यातल्या किरकोळ शिपायाला जेवढं मिळतं तेवढं त्याला मिळालं.

यंत्र म्हणालीस, ते असो. एकीकडून नाव आलं. दुसरीकडे पोचवलं. पावतीवर तुझ्या आईचा अंगठा आहे.

या पत्राचं उत्तर नको.

सत्यशीला